हाताने द्यायची लेक

होटगी,
१९ नोव्हेंबर २०२४

सौ. इंद्रायणीअक्कास मथुरेचा नमस्कार.

इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी पडायला लागलीय. माझ्या कडक भाकऱ्यांना सोलापूरच्या दुकानांतून मागणी आहे, त्यावर घर चालतं. तुझ्याकडेही सगळी खुशाल असतील. वयानं मी तुझ्याहून मोठी, तरी या घरात तू आधी नांदलीस, म्हणून अक्का.

राजनंदिनी नववीत आहे. उंचीत मला मागं टाकलंय. गणितात रडते आणि मैत्रिणीशी कानडीत भांडते.

तुझा निरोप बसूनं सांगितला. तुझा सख्खा भाऊ, पण सांगताना स्वतःच्या चपलांकडे बघत होता. तू करमाळ्यातच वकिलाकडे बसून दत्तकाच्या कागदावर सही करशील. होटगीला येणार नाहीस, पोरीला भेटणार नाहीस, कारण तुझ्या नव्या सासरी तिच्याविषयी कुणाला माहीत नाही.

नाही अक्का. असं मला चालणार नाही.

शिवशरण गेले ('हे' असं तुला लिहिताना पेन अडतं, म्हणून नावच लिहिते), त्यांचे दिवसही झाले नव्हते तोच गुंडा भावजी कुंभारीहून आले. म्हणाले, "पोरगी आमच्या रक्ताची हाय. भाऊ गेला, आता तू कोण तिची?" मी म्हटलं, "भावजी, बसा की, जेवा. कोण ते कागदावर दाखवते." त्यांना तिचं लग्न उरकायचंय. मेव्हण्याचा मुलगा बघूनही ठेवलाय. जानेवारीत तिला पंधरा पूर्ण होतात, त्यानंतर मला दत्तक घेता येणार नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचणं भाकऱ्या गुंडाळायच्या रद्दीतून आलं. आता वाचनालयातून दत्तकाच्या कायद्याचं पुस्तक आणलं. त्यात आहे, नुसती सही पुरत नाही. आईनं मूल प्रत्यक्ष द्यायचं, घेणारीनं प्रत्यक्ष घ्यायचं. आपल्याकडे मांडीवर देतात, तेच. इकडच्या वकीलसाहेबांना विचारलं तर हसले. "दिलं-घेतलं असं लिहून टाकू बाई, बघायला कोण येतंय?" मी म्हटलं, आमचे भावजी येतील.

तू का गेलीस ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. तुझ्या वाट्याला त्यांचा राग आला, माझ्या वाट्याला ते निवलेले आले. तरी चुलीपुढं बसले की रोज त्यांची आठवण येते, आणि ती मी कुणाच्या परवानगीनं काढत नाही.

तुला पाहून पोर तुझ्यामागं निघाली तर? हा विचार मी केलाय. 'देत नाही, नेते' असं तू म्हणालीस तर मी तुला अडवू शकत नाही, हेही जाणून आहे. ने. पण सगळ्यांदेखत ने. भावजींच्या हाती मात्र मी तिला लागू देणार नाही, कागद असो वा नसो.

हे पुढचं लिहू की नको, असं पहिल्या ओळीपासून चाललंय. परवा मी भाकरी थापत होते, ती शेजारी बसली होती. दत्तक म्हणजे काय, कोण देतं, कोण घेतं, सगळं तिला समजावलं. तिनं एवढंच विचारलं, "देताना ती माझ्याकडं बघंल की न्हाय?"

तव्यावरची भाकरी करपली.

येत्या रविवारी ये. सकाळची एसटी धर. सासरी काय सांगायचं ते सांग, बसूकडे चाललेय म्हण. खोटं बोलायचंच असेल तर तिकडे बोल, पोरीसमोर नको. हे पत्रही बसूच्याच हाती देतेय, टपालानं आलेलं तुझ्या घरी कुणी फोडायला नको.

घरात बसू असेल, शेजारच्या पार्वतम्मा असतील, आणखी दोघं-तिघं. तुला कुणी एक शब्द बोलणार नाही. बोललाच, तर त्यानं माझा उंबरा पुन्हा चढायचा नाही.

तू आली नाहीस तरी मी खोटा कागद करणार नाही. तिला खरं तेच सांगेन, की बोलावलं होतं.

वाट पाहणाऱ्या दोघींपैकी,
मथुरा