गच्चीवरचं काळं रबर

बाबा, आपल्या गच्चीवर रबर घातलं. सायकलच्या ट्यूबला लावतात तसं घराला ठिगळ लावलंस की काय, असंच म्हणाला असतात तुम्ही. पण ही अख्ख्या गच्चीभर एकच जाड काळी चादर आहे. मनवेलपाड्याहून कारागीर आला होता. माणूस सरळ, गुण सांगितले तसे दोषही सांगितले. स्लॅब उन्हात फुगतो, गारव्यात आकसतो, डांबराला त्याने तडे जातात. रबर ताणलं जातं, आणि दर वर्षी मे महिन्यात वर चढायची कटकट संपते. पण काळं असल्याने ते तापतं, खालच्या खोलीत दुपारी बसवत नाही. माडावरून नारळ पडला तर फाटूही शकतं, आणि एकदा पाणी आत शिरलं की रबराखालून कुठंही फिरतं, मूळ हाती लागत नाही. आईचा प्रश्न एकच, मसाल्याच्या मिरच्या कुठे वाळवायच्या? तो म्हणाला, बाजेवर.

हा स्लॅब टाकला तेव्हा मी शाळेत होते. तुम्ही वाडीतले, केळी आणि भाजीतले माणूस. स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावरही तुम्ही मातीचे बांध घालून वाफे केलेत आणि एकवीस दिवस त्यांतलं पाणी आटू दिलं नाही. अख्खं गिरीज गाव विचारायचं, वर पालक लावलाय का? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही मात्र घागर खांद्यावर घेऊन जिना चढताय, उतरताय.

मग मला शिक्षिकेची नोकरी लागली आणि पहिल्या वर्षीच मी तुमच्यासाठी पाणी तापवायचा सोलर आणला. तुमचे गुडघे दुखायचे, गरम पाणी हवं म्हणून. तुम्ही बजावलंत की स्टँड विटांच्या ओट्यावर ठेव, स्लॅबला भोक पाडायचं नाही. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचा हट्ट सुरू. तुम्ही वाडीत गेल्यावर मी चार भोकं पाडून घेतली, बोल्ट ठोकले, वर सिमेंट फासलं. दोन पावसाळ्यांनी स्वयंपाकघरात गळू लागलं, सोलरपासून चांगलं लांब. एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर पाहुणे चहाला बसले होते, त्यांच्यादेखत मी म्हणाले, "घर बांधायला इंजिनिअर लागतो, माळी नाही." तुम्ही कप खाली ठेवलात आणि उठून वाडीत गेलात. त्यानंतर दर उन्हाळ्यात तुम्ही डांबराचा डबा घेऊन स्वयंपाकघरावर रांगत होतात. शेवटच्या दुखण्यात आईला म्हणालात, "स्लॅब माझ्या हातून कच्चा राहिला. पोरीला त्रास होणार." मी औषध घेऊन दारातच उभी होते.

ओल्या स्लॅबवर रबर घालत नाहीत, म्हणून कारागिराने आधी गळती शोधली. गच्चीचे भाग पाडून एकेका भागात पाणी कोंडलं. स्वयंपाकघरावर दोन दिवस पाणी राहिलं, खाली थेंब नाही. सोलरकडच्या भागात कोंडलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघर गळलं. बोल्टांच्या भोकांतून शिरलेलं पाणी आत सरकत तिथवर जात होतं. बाकीचा स्लॅब त्याने हातोडीने वाजवून पाहिला आणि विचारलं, "कुणी टाकला हो? असं काम आता होत नाही." सोलर ओट्यावर घ्या, भोकं नीट भरा, रबराची गरज नाही, असंही तो प्रामाणिकपणे म्हणाला.

ही तपासणी झाली तेव्हा आई मावशीकडे होती. मी त्याला म्हटलं, भोकं भरा, पण रबरही घाला, सगळ्या गच्चीवर. बुजवलेली भोकं दिसली असती तर आईने विचारलं असतं, बाबा. रबराचा हा गुण त्याने सांगितला नव्हता, माझा मीच शोधला.

काल जोराचा पाऊस झाला. आई स्वयंपाकघरात वर बघत राहिली, मग म्हणाली, "ह्यांनी तेव्हाच स्लॅब नीट टाकला असता, तर तुला एवढं करावं लागलं नसतं."

मी हो म्हणाले.