चिलखती मासे आणि उंबरावरचं मडकं

१२ सप्टेंबर १९७८
शेजारची भिमाबाई आज पुन्हा बोललीच. "लोक कुठून कुठून रामकुंडावर अस्थी घेऊन येतात, अन् तुमच्या मालकाच्या अजून परसात टांगलेल्या!" ऐकून ऐकून दमले आता.
जयराम मस्कतला. वडिलांच्या शेवटाला पोचला नाही. पत्रात एवढंच — "आई, मी येईपर्यंत सोडू नका." एकुलता एक. तेवढं तरी त्याच्या हातून व्हायला हवं. तोवर मडकं उंबरावर.

१९ सप्टेंबर
वाचनालयातून जुन्या काळच्या जलचरांचं पुस्तक आणलं. चिलखती मासे! डोक्या-छातीवर हाडांच्या जाड पाट्या, दातांच्या जागी हाडांचीच पाती. चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे. आता एकही नाही. चिलखत मात्र दगड होऊन राहिलं.
आणि आमच्या रामकुंडात हाड काही तासांत विरघळतं म्हणतात. हे असते तर म्हणाले असते, "तुझा मासा टाकून बघू एकदा!"

२ ऑक्टोबर
सर्वपित्री. धाकटे दीर सावळीराम आले. "वहिनी, दादाचा जीव अडकलाय. सोडून टाकू." म्हटलं, जयराम येऊ दे. न जेवता गेले — आजच्या दिवशी!

३ ऑक्टोबर
काही वाचलं नाही. मडक्याखाली दिवा लावला.

१४ नोव्हेंबर
त्या माशांचं आतलं अंग मऊ, ते टिकलं नाही. पुस्तकातली शेपटी अंदाजाने काढलेली. मीही ह्यांचं तसंच करते. खोकला अजून नीट ऐकू येतो. हसणं अंदाजाने.

४ जानेवारी १९७९
जयरामची तार — येतोय! मडक्याचं फडकं कुजलं होतं, बदलायला उतरवलं. आत गोदेतले गोटे.
भावजींना बोलावलं. मडकं बघताच कबूल झाले. "तुम्ही दसऱ्याला सटाण्याला गेलात, तेव्हा सोडल्या. दादा रोज स्वप्नात यायचा हो, वहिनी..."
म्हणजे दसऱ्यापासून मी गोट्यांना दिवा लावतेय. जयरामला काय सांगू?

९ जानेवारी
नवं फडकं घट्ट बांधून दिलं. जयरामने मडकं तसंच कुंडात सोडलं, लहान मुलासारखा रडला. भावजी मागे, मान खाली.
"आई, सुटले ना गं बाबा?"
"हो रे," म्हटलं. "केव्हाच."