आधी खर्च सांगा

ताई,

तुझं तोंड त्या क्लिनिकवाल्यांनी बंद केलंय. समुपदेशनाला एकूण किती लागतील असं विचारलं, तर काउंटरवरचा म्हणतो, "आधी मोकळ्या व्हा, पैशांचं नंतर बघू." मीटर झाकलेल्या टॅक्सीत निवांत कोण बसतं? काल दाजींचं सांगता सांगता तू बिलाच्या धास्तीने मध्येच उठून आलीस. आज मी तिथे जातोय. सगळ्या भेटींचा अंदाज लेखी मिळेपर्यंत हलणार नाही. हक्क आहे तो आपला, मेहेरबानी नव्हे.

जेवण झाकून ठेवलंय. किल्ली माझ्याकडे आहे, त्यामुळे बेल वाजली तर दाजीच असतील. दार उघडू नकोस.

आणि तोंडाने सांगवत नसेल तर याच कागदामागे लिहून ठेव. त्यांनी तुझ्यावर हात उचलला की नाही?