गाणं तुटेल एवढं चालणं

डिंडोली, सुरत
रविवार, १३ जुलै २०२५

ती. मंगलाताईंना धाकट्या जावेचा नमस्कार.

इकडं सगळं ठीक आहे, फक्त मिक्सर बिघडलाय आणि मी वैतागलेय. मिक्सर दुरुस्तीला टाकला.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. तुमची मनीषा म्हणते, आईचं लक्ष नसतं. तुमचं लक्ष नसतं? गल्लीच्या टोकाला कुणाच्या कढईत काय पडलं ते तुम्हाला इथं पलंगावर बसून कळायचं. म्हणून हे पत्र. माझं अक्षर चौथीत होतं तिथंच राहिलंय, सांभाळून घ्या. मनीषाकडून वाचून घेऊ नका, जावयांकडून तर नकोच. चष्मा लावून स्वतः वाचा.

आधी आनंदाची बातमी. माझी तीन महिन्यांची साखर उतरली. डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा पाहिला आणि विचारलं, मासी, काय केलंत? गोळ्या त्याच, भाकरी तीच, चहातली साखर तर तुम्हीच बंद करून टाकली होती. मी म्हटलं, जोरात चालते. गोळ्या चालूच ठेवा म्हणाले, पण हसून म्हणाले. घरी सुषमा म्हणाली, सासूबाई, आज शिरा करते. अश्विनीनं आईकडं असं काही पाहिलं की तिनं गॅस बंद केला. नातीला नर्सिंगला घातलं तेव्हा हे दिवस येतील असं कुठं वाटलं होतं. तरी मी दिवसभर सगळ्यांना सांगत फिरले. भाजीवाल्यालासुद्धा.

सांगायला तुम्हीच तेवढ्या नव्हत्या.

आता आखाजीच्या सणानंतरचं ते भांडण. मी म्हणते भांडण, तुम्ही म्हणाल अपमान. आपण रोज संध्याकाळी बगीच्यात फिरायचो, कानबाई देवीची गाणी म्हणत. पहिली ओळ तुमची, दुसरी माझी. इतकी वर्षं फिरलो, साखर दोघींची जागची हलली नाही. त्या दिवशी अश्विनी न्यायला आली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही दोघी चालत नाही, गाणं फिरवून आणता. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये. गाता येतंय म्हणजे अंगाला काही कळलंच नाही."

तुम्ही म्हणालात, "आमच्या सासूबाई जन्मभर गात होत्या, त्यांना कुठं होती साखर?"

ती म्हणाली, "त्या दिवसभर शेतात वाकत होत्या, मोठी आजी."

तुम्ही पदर सावरलात आणि आमच्या पुढं घराकडं निघालात. 

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि तुमचा हात धरून निघाले. तुम्ही म्हणालात, सोड, गुडघा. मी म्हटलं, चला हो, कशाचा गुडघा. तुम्ही बाकावर बसलात, मी पुढं गेले. फेरी मारून आले तर बाक रिकामा. आणि सकाळी तुम्ही पिशवी भरून नवापूरला लेकीकडं. गुडघा तुमचा, राग माझ्यावर. या वयात जावा रुसून माहेरी जात नाहीत म्हणून लेकीकडं, असं आहे का?

मी काय कमी भोगतेय? त्या बूटवाल्या गुजराती बाया मला विचारतात, "मासी, पाछळ कोई पड्युं छे के?" मी सांगते, हो, साखर मागे लागलीय. त्या हसतात. मी एकटीच चालते. जोर बरोबर लागतोय का हे बघायला मधेच गाणं म्हणून पाहावं लागतं. पहिली ओळ म्हणते आणि सवयीनं थांबते. थांबले की चाल मंदावते. तुम्ही इथं नसूनसुद्धा माझं नुकसान करताय.

आता लिहिते ते लिहायचं नव्हतं. परवा मनीषाचा फोन आला. तुमची गोळी वाढवली, तरी साखर ऐकत नाही, आता सुईचं बोलणं चाललंय. आणि तुम्ही दिवसभर खाटेवर बसून असता. हे मला मनीषाकडून कळावं? इतकी वर्षं एका चुलीवर काढली आपण.

अश्विनीला सांगितलं तर ती माझ्यावरच उसळली. "आजी, मोठ्या आजीला ओढायला तुला कुणी सांगितलं होतं? जोर ज्याचा त्याचा असतो. तुला दम लागायला बगीच्याची फेरी लागते, तिला फाटकापासून बाकापर्यंत पुरे. तिथं तिचं गाणं तुटलं की झालं. बसायचं, दम खायचा, पुन्हा उठायचं. गुडघा फार दुखला तर खुर्चीवरूनच उठबस. डॉक्टरांना विचारून कर म्हणावं, पण बसून नको राहू."

मला वाटलं होतं जोरात म्हणजे सगळ्यांना सारखंच, कापड विणायच्या खात्यात सगळे लूम एका चालीनं चालतात तसं. म्हणजे तुम्ही बाकावर बसलात ते बरोबरच होतं. एकदाच लिहिते, पुन्हा लिहायला लावू नका.

तीन ऑगस्टला कानबाई बसणार. माझा योगराज गहू घेऊन आलाय. नैवेद्याचे रोट सगळ्यांच्या वाटणीचे होणार, तुमच्याही. ते भाऊबंदकीबाहेर द्यायचे नाहीत आणि पुनवेच्या आत संपवायचे, हे लग्नाच्या पहिल्याच श्रावणात तुम्हीच मला शिकवलंत. आता तुमच्या वाटणीचे कोण खाणार? मी खाल्ले तर उतरलेली साखर वर जाईल आणि डॉक्टर हसायचे थांबतील. तो दोष मी तुमच्या नावावर घालीन.

सकाळच्या गाडीनं या. योगराज रिक्षा घेऊन स्टेशनवर येईल. संध्याकाळी फाटकापासून बाकापर्यंत तुमच्या चालीनं चालू, मग तुम्ही बसा आणि पहिली ओळ म्हणा. मी फेरी मारून येईन. मला दुसरी ओळ म्हणता आली तर शिव्या घालून पुन्हा पिटाळा. नाही आली तर समजा, तुमची जाऊ बरी आहे.

अर्धं गाणं घेऊन एकटीच फिरणारी,
शोभा