बारवेवरची जाळी

माय, गेल्या महिन्यात मी आपल्या जंगलातल्या बारवेवरची लोखंडी जाळी कापून काढली.

जाळी तू पाहिलीच नाहीस. लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात उदगीरकडच्या त्या साऱ्या रानात पाणी उरलं होतं ते या बारवेच्या तळाशी, आणि हरणं दगडी पायऱ्या उतरून तिथं यायची. तू वनविश्रामगृहात स्वयंपाकाला होतीस. नव्या जिल्ह्याचा आनंद करायला पाहुणे आले, काठावर बंदूक घेऊन बसले आणि पाण्याला आलेली हरणी त्यांनी मारली. त्यातला एकजण मला अजून दिसतो. बारवेच्या कोनाड्यातल्या कोरीव बाईच्या तोंडावर पानाची पिंक टाकतोय आणि स्वतःच हसतोय. हरणी तुझ्या चुलीपुढं आणून टाकली. तू तिच्या पोटावर हात ठेवलास नि ताडकन उठलीस.

"गाभण हाय ही. म्या न्हाई शिजवणार."

"बाई, काम जाईल तुझं," एक पाहुणा म्हणाला.

"जाऊ द्या. तहानलेलं जनावर मारता, अन् वर जेवाया मागता? थू!"

चुलीत पाणी ओतून, माझा हात धरून तू निघालीस. पुढं मरेपर्यंत खडी फोडलीस, पण त्या दिवसाचं कधी बोलली नाहीस.

आता ते जंगल राखीव आहे आणि मी तिथं रेंजर. यंदाही दुष्काळच. बदली होऊन आले तर बारवेचं सुशोभीकरण झालेलं. पायऱ्यांवर न्हाणीतल्या फरशा, त्या कोरीव बाईला चंदेरी ऑइलपेंट, वर जाळी, आणि जाळीपुढं फोटो काढायला रंगीत कमान. खाली हिरव्या पाण्यात कुरकुऱ्यांची पाकिटं. ठेकेदार म्हणतो, "मॅडम, जनावरं आत घाण करतात ना." घाण! त्या माणसाच्या हातचा चहासुद्धा मला घेववला नाही.

भांडून भांडून जाळी काढायची परवानगी मिळवली. फरशा उपटल्या, बाईच्या तोंडावरचा रंग मी स्वतः खरवडला. साहेबांची अट एकच, जनावरं पाण्याला आली नाहीत तर जाळी पुन्हा बसेल.

आज त्यांचा फोन आला. "आली का हरणं?"

"आली, सर," मी म्हणाले.

दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुला लिहितेय, आणि हे धाडायचं तरी कुठं. अजून एकही आलेलं नाही, माय.