हेमराजले ऐकवून आण

३ नोव्हेंबर, सोमवार

भोजराजच्या सवारीच्या गाडीचं इंजिन फुटलं! अड्याळच्या अलीकडं, भर रस्त्यात. आतला रॉड तुटला, त्यानं इंजिनचा ब्लॉकच फोडला अन् सारं ऑइल डांबरावर. गाडीत आमच्या गल्लीतल्या जानकीबाई होत्या, भंडाऱ्याले डोळे दाखवायले चालल्या होत्या. म्हातारी दुपारभर झाडाखाली बसून राहिली. कोणाले लागलं नाही, एवढंच बरं.

टोचन करून गाडी त्यानं माझ्याच गॅरेजवर आणली. मले वाटलं आता शिव्या देते. नाही दिल्या. "इंजिन जुनंच होतं ना, हेमराजभाऊ," एवढंच म्हणला अन् चहा पिऊन गेला. शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

गेल्या आठवड्यात आला होता तो. "भाऊ, खालून ठकठक येऊन राहिली, पाहा ना जरा." पाहिलं ना मी! स्क्रू पिळायचा लांब पेचकस इंजिनले टेकवला, मूठ कानाले लावली, डोळे मिटले. साऱ्या नौटंक्या केल्या. अन् म्हटलं, "काही नाही बे, चालव बिनधास्त."

मले ऐकू आलं नाही, म्हणून मी सांगतलं की आवाज नाही.

लिहिलं एकदाचं. ही डायरी स्पेअर पार्टवाल्यानं दिली होती, वर्षभर कोरीच पडली होती. कोणाजवळ बोलायची हिंमत नाही, तं इथं बोलतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

डावा कान कधीचाच गेला. त्याचं काही नाही, उजव्यावर भागून राहिलं होतं. आता उजवाही चालला. माणूस समोर असला तं ओठांवरून अर्धं समजते. पाठीमागून हाक मारली की मी दगड!

फोन आला की म्हणतो नेटवर्क नाही. टीव्हीचा आवाज मोठा केला की म्हणतो बायकोच्या, रुखमाच्या मिक्सरमुळं करतो. मिक्सर बंद असते तरी म्हणतो.

पवनीत कोणाची गाडी कुरकुरली की लोक म्हणतात, हेमराजले ऐकवून आण. दाखवून आण नाही म्हणत, ऐकवून आण! तीस वर्षांची कमाई ही. बाकी मिस्त्री गाडी खोलून पाहत, मी रस्त्यावरून येणारी गाडी ऐकून सांगो की वरची टिकटिक आहे, टॅपेट ढिला आहे. रुखमा आतून भाकरी थापता थापता ओरडे, "कशाचा आवाज हो?" अन् मी ओरडून सांगो. आता कानाच्या डॉक्टरकडं गेलो तं साऱ्या गावाले समजन. कान गेला तं हेमराज गेला. मंग काय, पंक्चर काढत बसू?

८ नोव्हेंबर, शनिवार

आज पेचकसाची मूठ दातात धरून पाहिली. कुठं तरी ऐकलं होतं की हाडातून आवाज जाते. दाताले नुसती झिणझिण, बाकी शून्य! डोळे उघडतो तं दारात रुखमा, हातात सूप. मी इंजिनले पेचकस लावून तोंडात धरलेला!

मी म्हटलं, "दात दुखून राहिला."

तिनं काही विचारलं नाही. रुखमानं काही विचारलं नाही म्हणजे बाईले ताप असन.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रुखमा तांदूळ निवडायले गॅरेजात येऊन बसते. घरात ऊन येत नाही म्हणे. तीस वर्षांत आज ऊन कमी पडलं!

१२ नोव्हेंबर, बुधवार

नागपूरहून भोजराजच्या गाडीले जुना ब्लॉक मिळाला. चांगला आहे. बेअरिंगा नव्या टाकतो. तो रोज येऊन पाहत बसते; त्याले म्हटलं, मजुरीचं बोलशीन तं गाडी देणार नाही.

दुपारी नंदलालसेठ आले, कोसा रेशमाच्या साड्यांचे व्यापारी. गाडी ओढत नाही म्हणे. चालू केली. मी वाकलो, हात लावला, चेहरा गंभीर केला. चेहरा करायले कान लागत नाही.

अन् ही बाई! सूप ठेवून बाजूले येऊन उभी राहिली. एक हात बोनेटच्या कडेले, अन् नखानं टिकटिक टिकटिक वाजवून राहिली. सेठ पाहून राहिले. मी भडकलो, "गिऱ्हाइकाची गाडी आहे, तबला नाही!" तिनं हात काढला. मी वळलो, की पुन्हा टिकटिक. डोकं फिरलं माझं.

टॅपेटचं झाकण काढलं. काढायचंच होतं तसंही. पाहतो तं गॅप ढिले! बसवले, सेठ खूश होऊन गेले.

म्हणजे पुरता गेला नाही कान. आतल्या आत काही तरी समजतेच!

१६ नोव्हेंबर, रविवार

कान वापस येऊन राहिला वाटते. ह्या आठवड्यात तीन गाड्या आल्या अन् तिन्ही बरोबर निघाल्या. काल तं गंमतच झाली. जीपची तक्रार घेऊन एक जण आला. रुखमा मधातच विचारते, "अहो, पंख्याच्या मागं ते गोल गोल काय फिरते हो?"

आता तीस वर्षं गॅरेजवाल्याची बायको अन् विचारते काय! म्हटलं, "वॉटर पंप आहे तो, पाणी फिरवते." दाखवायले म्हणून गाडी बंद करून पुली हलवली, तं पुलीच डुगडुगून राहिली! बेअरिंग खलास. देव पावला.

रुखमाचा चाळा काही जात नाही. कधी नखानं, कधी मुठीनं, जी गाडी येईन तिचं बोनेट वाजवते. पोट्ट्यासारखी. रात्री जेवताना म्हटलं, "तुले झालं काय आहे?" ती समोर बसून, तोंड माझ्याकडं करून, हळूहळू म्हणली, "वय झालं हो माझं." भात वाढला अन् उठली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज जीव गेला होता माझा!

स्वाती आली, शाळेत मास्तरीण आहे. लहानपणी माझ्या लेकीच्या, कामिनीच्या वर्गात होती. नवी कोरी गाडी. म्हणली, "काका, टायरमागचा रबर घासून राहिला." बसवून देला. मंग सवयीनं म्हटलं, "चालू कर, एकदा पाहून घेतो."

"चालूच आहे ना, काका."

मी वाकलो. काही नाही. उजवा कान जवळ नेला. काही नाही. बोनेटवर हात ठेवला, तं हातालेही काही नाही! बाप्पा! आजवर कान नसला तरी हात सांगे की इंजिन जिवंत आहे. आता हातही गेला? त्या पोरीच्या तोंडाकडं पाहू की नाही, समजेना.

"काका, बॅटरीची आहे ही," ती म्हणली. "आवाजच नाही हिले. कोणालेच नाही येत!"

बोनेट उघडलं. इंजिनच नाही! केशरी जाड वायरी अन् एक डबा. प्लग? नाही. टॅपेट? नाही. ऑइल? "नाही ना काका!" मी हसत सुटलो, थांबताच येईना. अशी गाडी निघाली की तिच्यापुढं सारी पवनी बहिरी! मंग हसता हसता भीतीही वाटली. अशाच गाड्या आल्या साऱ्या, तं कान असून तरी काय करणार होतो मी? पण ते पुढचं पुढं. सध्या रस्त्यावर ठकठकवाल्याच लय आहेत.

एक गोष्ट. स्वातीच्या गाडीवरही रुखमानं हात ठेवला होता. पण आज बोटं गप्प. नुसता हात पसरून उभी होती. म्हटलं चला, गेला एकदाचा चाळा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रुखमा भंडाऱ्याले गेली, कामिनीकडं. सोमवारी येते म्हणे. गॅरेज मोकळं वाटून राहिलं. सूप इथंच ठेवून गेली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भोजराजचं इंजिन चढलं. सकाळी चाबी फिरवली, पहिल्याच झटक्यात चालू! हाताले थरथर बरोबर लागून राहिली. धूरही साफ. पण आवाज? पेचकस लावला. कान लावला. दात लावले. विहिरीत वाकून पाहावं तसं झालं, आत काहीच दिसेना.

भोजराज चाबीची साखळी बोटावर फिरवत उभा. सोमवारी जानकीबाईंले पुन्हा भंडाऱ्याले न्यायचं आहे त्याले.

"बरोबर आहे ना, भाऊ?"

'हव' म्हणणं किती सोपं होतं! ओठावर आलंच होतं. पण जानकीबाई झाडाखाली बसलेल्या दिसल्या. अन् ह्या वेळी रॉड तुटला अन् समोरून ट्रक असला तं?

मी म्हटलं, "मले ऐकू येत नाही, भोजराज. मागच्या वेळीही आलं नव्हतं. तुझं इंजिन माझ्यामुळं गेलं."

त्यानं गाडी बंद केली. फिरून माझ्या उजव्या बाजूले आला. उजव्या! मी त्याले कधी सांगतलं नव्हतं कोणता कान.

"मालूम आहे ना, भाऊ. इंजिन गेलं त्याच दिवशी समजलं मले."

"मंग गाडी माझ्याचकडं काहून आणली बे?"

"दुसरीकडं नेली असती तं लोकांनी विचारलं असतं, हेमराजकडं काहून नाही नेली म्हणून. काय सांगतलं असतं मी?"

मी स्टुलावर बसलो. रडलो, सरळ लिहितो. तोही उगाच पान्हे पुसत राहिला. मंग डोळे पुसून म्हटलं, "आता आवाज कोण ऐकन?"

"वहिनी येऊ द्या ना सोमवारी."

"रुखमा? तिले काय समजते?"

भोजराजनं बोनेटच्या कडेले हात ठेवला अन् नखानं वाजवलं. टिकटिक टिकटिक.

मी तिले म्हटलं होतं, तबला नाही!

२४ नोव्हेंबर, सोमवार

रुखमा आली. पिशवीही ठेवू देली नाही, सरळ गाडीपाशी नेली. ती माझ्यासमोर उभी राहून म्हणली, "भोजराज पहिल्यांदा आला तेव्हा ती ठकठक मले सैपाकखोलीत ऐकू आली होती हो. वाटलं, तुम्ही ऐकलीच असन." अन् रडायले लागली. गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावून आली आहे. येतो म्हटलं.

चाबी फिरवली. तिचा हात धरून मीच बोनेटवर ठेवला. "वाजव."

हात पसरलेला. गप्प. किती तरी वेळ गप्प. मंग एक नख हललं, बारीक.

"टॅपेट?"

तिनं मान डोलवली.

भोजराजले म्हटलं, आज नाही देत गाडी, उद्या ये. जानकीबाईंले सांग, आमच्या दोघांचं ऐकून झालं नाही अजून.