एकच साचा आणि मामांची दाढ

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा शिरसाष्टांग नमस्कार. दाढेचा ठणका उतरला असेल, निदान राग तरी उतरला असेल, अशी आशा आहे. (दोन्ही नसेल तर आधी जेवून घ्या, मग वाचा.)

काउंटरवरच्या बाईंना काढून टाका, असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत आणि ते शनिवारी काय ते ठरवणार आहेत, म्हणून घडलं ते लिहितो. दवाखान्याचं मोबाइल अ‍ॅप मी लिहितो आणि मागचा सर्व्हर तुमची भाचेसून. बसतो एकाच टेबलाच्या दोन टोकांना, पण पेशंटच्या माहितीचा साचा दोघांचा वेगळा. तिने एखादा रकाना बदलला की मला पत्ता नाही, आणि अ‍ॅप मान टाकायचं. रोजची कुरबुर. शेवटी मीच म्हटलं, एका घरात दोन चुली कशाला, तुझाच साचा दोघं वापरू. ती म्हणाली, त्यात काय काय आहे ते आधी वाच. मी वाचलं नाही. (लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी ही सवय गेली नाही.)

तिच्या साच्यात 'शेरा' नावाचा रकाना होता, फक्त डॉक्टरांसाठी. बाई त्यात पेशंटचा स्वभाव टिपून ठेवायच्या. माझं अ‍ॅप इतकं हुशार, की साच्यात जेवढे रकाने तेवढे पडद्यावर मांडतं. सकाळी दहापर्यंत झाडून सगळ्या पेशंटना आपापला स्वभाव कळला. एक निवृत्त मुख्याध्यापक 'उपदेश करतात, तोंडात कापूस लवकर घालावा' हे वाचून गेले ते परत फिरकलेच नाहीत. एका आजींना 'सर्वांत धीट' असा शेरा होता. त्या अजून शेजारीपाजारी मोबाइल दाखवत फिरतात. तुमच्या नावापुढे होतं, 'नाटकी आहेत, लक्ष देऊ नये.' तुम्ही अर्धी कोरलेली दाढ घेऊन खुर्चीवरून उठलात, मला फार वाईट वाटलं. बाईंनी मात्र चकार शब्द काढला नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. साचा पुन्हा वेगळा केला. दोघांना लागतं तेवढंच सामाईक, शेरा तिच्याकडे.

आणखी एक ता. क. मामा, तुमच्या नावापुढचा तो शेरा बाईंचा नाही, माझा. मागे एकदा भाचेसुनेने तो रकाना चालतो का बघायला सांगितलं, तेव्हा कोणाचं तरी नाव हवं होतं. तुमचं घेतलं, तोंडाला येईल ते लिहिलं, पुसायचं राहिलं आणि पुढे रकानाही विसरलो. बाईंना हे ठाऊक आहे, तरी त्यांनी मला पाठीशी घातलं. डॉक्टरांना आजच फोन करा. माझ्या शेऱ्याने बाईंचा मूळ शेरा पुसला गेला होता, तो काल जुन्या प्रतीत सापडला: 'दुखलं तरी सांगत नाहीत. मध्ये मध्ये थांबून विचारावं.'